चौथा बांबू आत का बाहेर

“डोंगा हालवू नोको गा चैतराम, मी डोरा लावून राहिलो.”

“मी कायले हालवू काका? पानीच हालवून राहिला.”

“मंग पान्याले सांग.”

चैतराम ढिवरानं, म्हणजे इथल्या कोळ्यानं, डोंग्याचं टोक आपल्या जाळ्याच्या चौथ्या बांबूला आवळून बांधलं. डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरून काढलेली अरुंद नाव. दोघांची ती जागा. तिसरा बसला की तिघांनी श्वाससुद्धा वाटून घ्यावा लागतो. आज तिसरा होता मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, दिवानजी घनश्याम. दोन हातांनी दोन काठ धरून, पुढच्याच्या पाठीवर नजर रोवून तो बसला होता.

“वाढई, लवकर आटप. दिवसभर इथंच बसवतोस का?”

“तुमीच म्हनले ना जी, मी सोता पाह्यले येतो. पारीवर बसले असते तं एव्हाना जेवन झाला असता तुमचा.”

बकाराम वाढई तेव्हा पंचावन्नच्या आसपास होता. अंगानं वाळका, पाठीतून थोडा वाकलेला, बोलण्यात तिरका. जातीनं आणि धंद्यानं सुतार. पाथरटोल्याच्या तलावावरचे सगळे डोंगे त्याच्या हातचे. पण लाकूड सोडून त्याच्याकडं आणखी एक काम होतं आणि ते पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. पाण्यावरची एखादी जागा आपल्या माणसांची आहे की नाही, हे तो सांगायचा.

पाण्याबाहेर हातभर निघालेल्या त्या बांबूच्या माथ्यावर त्यानं आपला गुण्या आडवा ठेवला. सुताराचा गुण्या सगळ्यांनी पाहिलेला असतो. हातहातभर लांबीच्या दोन सागाच्या पट्ट्या, एका टोकाला बरोबर काटकोनात जोडलेल्या. बकारामच्या गुण्यावर मात्र तीन बाभळीचे काटे उभे ठोकलेले होते. एक जोडावर, दोन टोकांवर. जोडावरच्या काट्याशी डोळा नेऊन त्यानं एक पट्टी डावीकडं पाण्यात उभ्या असलेल्या खुंटाच्या रेघेत आणली, गुण्या तसाच दाबून धरला आणि मान वळवून दुसऱ्या पट्टीवरून उजवीकडचा खुंट पाहिला. मग पुन्हा डावा, पुन्हा उजवा. असं तीनदा झालं.

“आत हाय,” तो म्हणाला.

“काका?”

“चौथा बांबू देवाच्या पान्यात हाय, चैतराम.”

चैतरामनं डोंग्याची गाठ सोडायला घेतली. दिवानजीनं मात्र इतक्या वेळात पहिल्यांदा एका हाताची पकड सोडली आणि मिशीवरून हात फिरवला.

हे सगळं नीट कळायचं तर तलाव समजून घ्यावा लागेल. आमच्या तलावात मासळीचं जाळं कुठं लावावं याचे तीन कायदे होते. कागदावर त्यातला एकही नव्हता.

तलावाच्या एका अंगाला मातीची लांब पाळ, तिला आम्ही पार म्हणतो. पारीच्या एका टोकाशी, तिच्या पोटात तुडुम, म्हणजे शेताला पाणी सोडायचं दार. तुडुमापासून समोरच्या काठावरच्या जुन्या मोहाच्या झाडापर्यंत मनानं एक सरळ रेघ ओढायची. रेघेच्या पारीकडचं पाणी गुरांचं आणि बायांच्या धुण्याचं. तिथं जाळं नाही. हा पहिला. दुसरी रेघ सलंगापासून, म्हणजे जादा पाणी वाहून जातं त्या सांडव्यापासून, चिंचेच्या झाडापर्यंत. तिच्या पलीकडं शिंगाड्याचे वेल. तिथंही जाळं नाही. म्हणजे ढिवरांना उरला दोन रेघांमधला पट्टा. आणि त्या पट्ट्यात देव बसलेला.

देव म्हणजे पाण्यातला एक धोंडा. त्याच्या दोन अंगांना, बरोबर एकशे वीस-एकशे वीस हातांवर, मेलेल्या कहूचे, म्हणजे अर्जुनाच्या झाडाचे, दोन खुंट उभे. धोंडा मधोमध, खुंट एका ओळीत. धोंड्याला दोर बांधून खुंटाला टेकेल एवढा लांब धरावा आणि फिरवावा, म्हणजे जो गोल होईल तो देवाचा. त्यातल्या मासळीला हात लावायचा नाही. मासळी तिथंच वाढते आणि तिथूनच बाहेर येते, हे म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते देवाच्या नावावर टाकून दिलं, एवढंच.

जाळ्याचा प्रत्येक बांबू या तिन्ही कायद्यांत बसला पाहिजे. दोन पाळले आणि एक मोडला तर ते मोडलंच. सात बांबूंतले सहा चोख आणि एक चुकीचा, तरी जाळं चुकीचं. आणि चुकीच्या जाळ्याला दंड नव्हता, शिवीगाळ नव्हती. त्या माणसाचा डोंगा पारीवर आणून पालथा घालायचा. तीन वर्षं तो कुणी उताणा करायचा नाही. ज्याचा डोंगा पालथा, त्याच्या घरचं माणूस तीन वर्षं पाण्यात जाळं टाकत नसे. ढिवराचं पाणी गेलं म्हणजे काय गेलं, ते सांगत बसत नाही.

आता रेघेचं तपासणं सोपं. बांबूवर सरळ काठी ठेवायची, एक टोक तुडुमाकडं लावायचं, दुसऱ्या टोकावरून मोह पाहायचा. मोह काठीच्या पारीकडं सरकलेला दिसला की आपण पलीकडं, म्हणजे ठीक. मोह काठीतच सापडला तर आपण रेघेवर. रेघेवरचा बांबू चालतो, असा रिवाज. एवढं पोरंही करायची. पण गोलाचं काय करणार? भर पाण्यात दोर ताणता येत नाही. तो मधे बुडतो, डोंगा ओढतो, आणि दोन माणसं दोन आकडे सांगतात. बकारामच्या आधी त्यावरून डोकी फुटली होती.

संवत छप्पनच्या दुष्काळात तलाव तळाला गेला, भेगा पडल्या. तेव्हा म्हाताऱ्यांनी कोरड्या तळात दोर फिरवून राखेनं गोल आखला आणि त्यावर दगड मांडायला माणसं लावली. बकाराम विशीतला होता. बापासोबत खुंट्या ठोकायला आलेला, हातात गुण्या. गोलावर उभा असताना त्यानं सहज, नुसता चाळा म्हणून, गुण्या डोळ्यासमोर धरला. एका पट्टीच्या टोकाशी डावा खुंट होता. दुसऱ्या पट्टीच्या टोकाशी उजवा.

तो दहा पावलं सरकला. एक खुंट जवळ आला, एक लांब गेला. गुण्या धरला. दोन्ही खुंट दोन पट्ट्यांवर.

आणखी वीस पावलं सरकला. तेच.

मग तो पळायलाच लागला. राखेच्या रेघेवरून पळायचा, थांबायचा, गुण्या धरायचा. अख्खा गोल पालथा घातला आणि एकही जागा अशी सापडली नाही जिथं गुण्या खोटा पडला. राखेच्या आत पाऊल टाकलं की खुंट पट्ट्यांच्या बाहेर फाकायचे. राखेच्या बाहेर पाऊल टाकलं की दोन्ही पट्ट्यांच्या आत मावायचे. बाप ओरडला, कायले कुत्र्यासारखा फिरून राहिलास गा. बकाराम तोवर पुढं पळाला होता. पुढं म्हातारपणी तो सांगायचा, “मले असा वाटला का हा गोल म्हाताऱ्यायनं नाई आखलन. तो पयलेपासूनच होता. माह्या हातातल्या गुन्यात होता, अन् मी त्यानं खाटीचे पाय जोडत होतो.”

पावसाळ्यात तलाव भरला, दगड आणि राख पाण्याखाली गेली. गोल मात्र कुठंच गेला नाही. दोन खुंट दिसत होते, आणि बकारामजवळ गुण्या होता. तेव्हापासून पाण्यावरचा शेवटचा शब्द त्याचा. चौतीस वर्षांत त्याच्या शब्दावरून चार डोंगे पालथे पडले आणि चौघांपैकी एकानंही बकाराम खोटं बोलला असं म्हटलं नाही. शिव्या दिल्या, ते वेगळं.

आज पाचवा डोंगा चैतरामचा. बकारामच्याच हातचा.

घरी येऊन तो अंगणात नव्या खोडाशी बसला. बायको सुमित्राबाईनं पेजेची वाटी आणून ठेवली. ती तशीच राहिली.

“तोंड काऊन उतरला?”

“चैतरामचा डोंगा पालथा होऊन राहिला.”

“कोनाच्या बोलन्यानं?”

“माह्या.”

“बरोबर बोलले ना?”

“पायलो तसा बोललो.”

“मंग पेज प्या. थंडी झाली तं मलेच म्हनान.”

त्यानं पेज प्यायली नाही. बसायच्या फळीवर कोळशानं खूण करायला घेतली. चांगल्या लाकडावर रेघ मारण्याआधी सुतार एक करतो. गुण्या फळीच्या काठाला लावून एक रेघ ओढतो, मग गुण्या उलटा करून त्याच जागी लावतो आणि दुसरी ओढतो. गुण्या खरा असेल तर दोन रेघांची एकच होते. खोटा असेल तर एका जागी सुरू झालेल्या रेघा वर जाता जाता फाकतात. बकारामचा हात हे न विचारता करायचा, आपण जेवताना घास मोडतो तसं.

रेघा फाकल्या.

त्यानं कोळसा खाली ठेवला. टोपलीतून धानाचे दोन दाणे घेतले आणि वरच्या टोकाला, दोन रेघांच्या मधे, शेजारी शेजारी ठेवले. बरोबर मावले. दोन दाण्यांची फट, म्हणजे गुण्याची खोट एका दाण्याची. उलटा केल्यावर खोट दुप्पट दिसते.

“हा गुन्या आड्यावर होता का?” त्यानं विचारलं. गुण्या चुलीच्या वर धुरात टांगलेला असायचा, लाकडाला दमट लागू नये म्हणून.

“परवा भिती पोतली ना मी. आड्याखालचा सारा काहाडली होती. त्या भितीले टेकून ठेवली होती दोन दिवस.”

“ओल्या भितीले.”

“भित पोतली का ओलीच राह्यते. मले का मालूम तुमचा गुन्या भितीले लाजते म्हनून.”

बकाराम हसला नाही, रागावलाही नाही. गुण्या, फळी आणि पटाशी उचलून तो तसाच पारीकडं निघाला. पन्नाशी पार केलेला माणूस पळताना बरा दिसत नाही, म्हणून तो पळाला नाही. पण गावानं त्याला इतकं भरभर चालताना कधी पाहिलं नव्हतं.

पारीवर डोंगा आधीच ओढून आणला होता. चौघांनी एक काठ धरलेला. पण डोंग्यात चैतरामची बायको रुख्मा मांडी घालून बसली होती.

“उतर वो बाई,” दिवानजी म्हणत होता.

“मी नाई उतरत. पालथा करा, माह्यासकट करा. तीन वर्स खालीच राहीन. वरून खायले देजा.”

“चैतराम, बायकोला सांग.”

“मी सांगतलो तं आयकते का जी ते? तुमीच सांगा, दिवानजी हाव तुमी.”

बकाराम मधे जाऊन उभा राहिला. “ठेवा तो डोंगा खाली. मी चुकलो.”

चौघांनी काठ सोडला. रुख्मा आतल्या आत आपटली, पण उठली नाही.

“काय चुकलास?” दिवानजीनं विचारलं.

“बांबू आत हाय म्हनलो. आत हाय का बाहेर, मले मालूम नाई. माहा गुन्या खोटा होता.”

त्यानं फळी पारीवर ठेवली, सगळ्यांसमोर एक रेघ ओढली, गुण्या उलटा केला, दुसरी ओढली. लोक वाकून पाहू लागले. दाण्याएवढी फट पाहायला अख्खं गाव वाकलं.

“एवढ्याशा फटीसाठी?” दिवानजी म्हणाला. “आणि गुण्या खोटा तर मग चौतीस वर्षांचे तुझे निवाडे? ते चार डोंगे?”

पालथ्या डोंग्यांतला एक ज्याच्या बापाचा, तो तिथंच उभा होता.

“पान्यावर जायच्या अगुदर दर वेळी असा उलटा करून पायलो हाय. चौतीस वर्स. आज नाई पायलो. तुमी घाई केले म्हनून नाई. माहा गुन्या हाय, त्याले का पाह्यचा, असा वाटला म्हनून नाई पायलो.” त्यानं गुण्या फळीवरून उचलला. “आजचा एक सबद मी वापस घेऊन राहिलो. बाकीचे नाई.”

मग तिथंच बसून त्यानं जोडातला फुगलेला भाग पटाशीनं सोलला. कागदापेक्षा पातळ साल निघाली. पुन्हा दोन रेघा ओढल्या. एकच झाली.

दिवानजी हुशार माणूस होता, मूर्ख नव्हे. तो म्हणाला, “तूच खोटा म्हणतोस, तूच तासतोस आणि तूच पुन्हा पाहणार. डोंगा तुझ्या हातचा, चैतराम तुझ्या शेजारचा. उद्या मालगुजारानं विचारलं तर मी काय सांगू?”

हे खरं होतं आणि बकारामलाही ते खरंच वाटलं. उत्तर दिलं ते केवलरामनं. केवलराम गोंदियाकडचा पवाराचा पोरगा, शिकून ओव्हरसियर झालेला, तुडुमाच्या दुरुस्तीसाठी चार दिवस साखळी आणि दुर्बीण घेऊन पारीवर मुक्काम करून होता. इतका वेळ तो मागं उभा राहून ऐकत होता.

“दिवानजी, मैं आकड्यानं काढतो,” तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात गोंदियाची हिंदी मिसळलेली. “वाढईकाका गुण्यानं काढतील. माझा हिशेब कागदावर, कागद तुमच्या खिशात. ते पाण्यावरून येऊन बोलतील, तवा उघडा. दोन्ही एक निघाले तर?”

“आणि नाही निघाले तर?”

“तो फिर पालथा करा.”

रुख्मा डोंग्यातून म्हणाली, “यानं कोनाले इचारून कबूल केलन?” पण चैतरामनं मान डोलावली होती.

केवलरामनं पारीवर साखळीनं अंतर मोजलं. एका टोकावरून दुर्बिणीनं धोंडा, दोन्ही खुंट आणि चौथा बांबू पाहिला, मग दुसऱ्या टोकावरून तेच. कागदावर कोन मांडले, आखणी केली आणि उन्हात घाम पुसत बराच वेळ लिहीत बसला. शेवटी कागदाची घडी करून दिवानजीला दिली.

बकाराम आणि चैतराम दुसऱ्या एका डोंग्यातून पाण्यावर गेले. दिवानजी या वेळी पारीवरच थांबला.

लांबून काहीच कळत नव्हतं. डोंगा बांबूला लागला. म्हातारा वाकला, मान डावीकडं, मान उजवीकडं. मग पुन्हा तेच. चैतराम डोंग्याच्या टोकाशी पाठ करून बसलेला. त्याला पाहायचं नव्हतं. रुख्मा आता उठून उभी राहिली होती, डोंग्यातच. एवढ्या माणसांत एक मूल रडत होतं, तेवढाच आवाज. तलाव चकचकत होता. त्यात ना कुठं राख, ना दगड, ना रेघ. नुसतं सपाट पाणी, आणि त्यातल्या एका बांबूच्या माथ्यावर एका घराची तीन वर्षं टेकलेली.

डोंगा परत आला. बकाराम उतरला, धोतर पिळलं.

“बाहेर हाय,” तो म्हणाला. “खुंट पट्ट्याईच्या आत मावले. लय नाई. अर्धाक हात बाहेर असन.”

दिवानजीनं कागद उघडला. त्याला आकडे वाचता येत होते, पण अर्थ लागेना. केवलरामनं बोट ठेवून सांगितलं.

“धोंड्यापासून निघा. खुंटांच्या ओळीत बेचाळीस हात जा, मग काटकोनात वळून एकशे तेरा हात जा, तिथं बांबू. बेचाळीसला बेचाळीसनं गुणा, सतराशे चौसष्ट. एकशे तेराला एकशे तेरानं गुणा, बारा हजार सातशे एकोणसत्तर. बेरीज चौदा हजार पाचशे तेहेतीस. आता देवाचा दोर एकशे वीस हात. त्याला त्यानंच गुणा, चौदा हजार चारशे. बेरीज कमी असती तर बांबू आत. बरोबर असती तर गोलावर. बेरीज एकशे तेहेतीसनं जास्त आहे. बाहेर.”

“किती बाहेर?”

केवलरामनं कडेला आणखी एक भागाकार केला. “अर्ध्या हाताच्या वर जरासा.”

कागद दिवानजीच्या हातात होता आणि तो बकारामकडं पाहत होता. लिहिता न येणाऱ्या माणसानं पाण्यावरून जे आणलं होतं, तेच या कागदावर होतं. अर्ध्या हातासकट. केवलरामचा चेहरा तर, तिथं होते ते सांगतात, देवळात पहिल्यांदा शिरलेल्या माणसासारखा झाला होता. कॉलेजात त्यानं असली गणितं ढिगानं सोडवली होती. हा बिंदू आत का बाहेर, हा रेघेच्या या बाजूला का त्या. वहीतले बिंदू. त्यांच्यावर कुणाचं जाळं नव्हतं.

“आणि दाण्याएवढी खोट?” दिवानजीनं विचारलं. आता तो भांडत नव्हता, खरंच विचारत होता. “तिनं एवढा फरक?”

“हाताला एक दाणा,” केवलराम म्हणाला. “एकशे तेरा हातांना एकशे तेरा दाणे. शेजारी शेजारी मांडून पाहा, पाऊण हात भरतील. बांबू अर्धा हात बाहेर. खोट्या गुण्यानं गोल पाऊण हात फुगवला अन् बांबूले आत घेतलं.”

दिवानजीनं कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. फेकला नाही. मग चौघांकडं वळून म्हणाला, “डोंगा पाण्यात सोडा.” आणि तो वाड्याकडं चालता झाला.

“उतर आता,” चैतराम रुख्माला म्हणाला.

“कायले? पान्यातच जाऊन राहिला ना डोंगा? मी बसली हाय, सोडा.” आणि तिला तसंच बसवून डोंगा पाण्यात सोडावा लागला.

बकारामनं मात्र तिथून हलायचं नाव काढलं नाही. उरलेले सहाही बांबू त्यानं पुन्हा तपासले, तिन्ही कायद्यांनी. सकाळी खोट्या गुण्यानं पाहिलेलं त्याला एकही ठेवायचं नव्हतं. पहिला बांबू तुडुम-मोहाच्या रेघेत अगदी काठीवर सापडला. तो चालतो. सातव्यापासून शिंगाड्याची रेघ तीन हात लांब होती. सगळं ठीक निघालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

केवलराम त्याच्या मागोमाग अंगणात आला. ओव्हरसियर माणूस, बूट घातलेला, पण लाकडाच्या ढलप्यांत उकिडवा बसला.

“काका, एक सांगा. गुण्या बरोबर बसला की आपण गोलावर, हे तुमी पाहिलं. पण काऊन? दर वेळी काऊन?”

“तुमाले मालूम नाई?”

“मला पुस्तकातलं मालूम आहे. तुमचं सांगा.”

बकारामनं अंगणात भिंतीला टेकून ठेवलेली दाराची चौकट दाखवली. अजून बसवायची होती. “हे चौकट चौरस हाय का नाई, चारी कोपरे गुन्यात बसतेत का, कसा पाह्यता?”

“कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. दोन्ही तिरपे मोजून.”

“सारखे भरले का चौरस. अन् दोन्ही तिरपे कोटी कापतेत एकमेकाले?”

“मधोमध.”

“हव. आता ह्या कोपऱ्यात डावा खुंट, त्या समोरच्या कोपऱ्यात उजवा खुंट. एक तिरपा झाला. त्याच्या मधात धोंडा. मी तिसऱ्या कोपऱ्यात उभा, गुन्या घेऊन. दुसरा तिरपा माह्यापासून निंगते, तो बी तेवढाच लांब, अन् तो बी धोंड्यातूनच जाते. मंग धोंड्यापासून खुंट जेवढा लांब, तेवढाच मी.” त्यानं हात झटकले. “चौकट लांबट करा, बुटकी करा. खुंट तेच, धोंडा तोच. कोपरा फिरते, पन दोर सोडून जात नाई.”

केवलराम चौकटीकडं पाहत राहिला. तिच्यात दार नव्हतं, पलीकडची परसबाग दिसत होती, भोपळ्याचा वेल आणि एक कोंबडी. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“हे तुमाले कोणी शिकवलं?”

“कोनी नाई. वीस वर्स लागले. पयले नुसता दिसे. काऊन दिसते, ते लय मांगून समजला. पाटलाच्या घराची चौकट करत होतो. हातातला हातातच राह्यला, दोन दिवस काम नाई केलो. पाटील म्हने वाढयाले ताप आला.” त्यानं चुलीकडं पाहिलं. “ओ सुमित्रा, ते पेज हाय का?”

“कोंबड्याईले टाकली.”

“मंग राहू दे.”

केवलरामला अजून विचारायचं होतं. रेघ सरळ असते म्हणून ती एका काठीनं पकडता येते. गोलाला दोन पट्ट्या लागतात. मग याहून वाकडं काही असेल तर त्याला काय लागेल? तो बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बकारामनं खोडावर पाय रोवला. खोड अर्धं कोरलेलं होतं, पलीकडच्या गावच्या ढिवराला येत्या बाजारापर्यंत द्यायचं होतं, आणि आजचा अख्खा दिवस त्यातून गेला होता.

“साहेब, थोडे इकडं सरका. उजेड अडवून राहिले तुमी.”

केवलराम सरकला. बकारामनं वाकस उचललं, अंगठ्यानं धार पाहिली आणि खोडाच्या पोटात पहिला घाव घातला. ढलपी उडून बुटाशी पडली. मग दुसरी.